दारूवरचा चुंबक आणि दाराबाहेरची सदतीस माणसे

रांचीच्या कांके भागात सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकायट्री ही जुनी सरकारी संस्था आहे. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी दारूच्या आहारी गेलेल्या ४५ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३० जणांच्या डोक्यावर, उजव्या बाजूला कपाळाच्या वरच्या अंगाला, चुंबकीय ठोके देणारी कॉइल धरण्यात आली. सेकंदाला दहा ठोके, अशा दहा सिटिंग. उरलेल्या १५ जणांनाही तसेच खुर्चीत बसवले, पण त्यांना मिळाला तो नुसता देखावा. मेंदूवर परिणाम होईल असे काहीही त्यांच्यापर्यंत पोचू दिले नाही. खरा उपचार मिळालेल्या रुग्णांची दारूची तलफ दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली.

हे सुरुवातीलाच सांगितले, कारण पुढे मी जे म्हणणार आहे ते ऐकून 'हा माणूस यंत्राच्याच विरोधात आहे' असा कुणाचा समज होऊ नये. दारूच्या व्यसनावर मेंदूला चुंबकीय उत्तेजन देणे हा भोंदूपणा नाही. आपल्याच देशातल्या सरकारी रुग्णालयाने अगदी सुरुवातीच्या काळात त्यावर गंभीर काम केले आहे. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. संशोधनाच्या टप्प्यावर असलेला हा उपचार खात्रीचा म्हणून विकला जाऊ लागला आहे, आणि तो विकत घेणारे घर बहुतेक वेळा आधीच दारूने पोखरलेले असते.

आधी यंत्राविषयी. इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हे तंत्र जगाला दाखवले. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोरदार वीजप्रवाह सोडला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. ते कवटीतून सहज आरपार जाते आणि खालच्या मेंदूपेशींत बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण करते. शाळेत शिकलेला फॅरडेचा नियम तो हाच. क्षेत्राचा जोर साधारण एमआरआय यंत्राइतका, दीड-दोन टेस्लाचा असतो, पण एकेक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. रुग्ण पूर्ण जागा असतो. भूल द्यावी लागत नाही, कुठे कापावे लागत नाही. पहिल्या दिवशी कॉइल हाताच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर धरून किती जोराच्या ठोक्याला अंगठा हलतो ते पाहतात आणि त्यावरून त्या माणसापुरता डोस ठरवतात. मग रोज अर्धा-पाऊण तास टकटक आवाज, डोक्याच्या कातडीवर टिचक्या मारल्यासारखी जाणीव आणि कधी थोडी डोकेदुखी. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेले यंत्र) असेल, तर मात्र हा उपचार करता येत नाही.

अनेक घरांत याला 'शॉक' समजतात. तो समज चुकीचा आहे. शॉकच्या उपचारात भूल देऊन मुद्दाम फिट आणली जाते, इथे ती येऊ नये यासाठी काळजी घ्यावी लागते. एरवी तो धोका फार थोडा असतो, पण दारू पिणाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली की पहिल्या दोन दिवसांतच फिट येऊ शकते. त्यानंतरच्या दिवसांत हातापायांना कंप, घाम, भास, कुठे आहोत याचेही भान न राहणे असे सगळे होऊ शकते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. म्हणून आधी नीट डिटॉक्स झाला पाहिजे, बी-१ जीवनसत्त्व मिळाले पाहिजे, अंगातली दारू उतरण्याचा काळ औषधांच्या आधाराने पार पडला पाहिजे. 'ॲडमिट होण्याची गरज नाही, गोळ्यांची गरज नाही, फक्त चुंबक' असे कुणी सांगत असेल, तर तो रुग्णाला धोक्यात घालतो आहे.

चुंबक डोक्याच्या पुढच्याच भागावर का धरायचा? पुढचा विचार करणे, हात आवरणे, 'आज नको' म्हणणे ही कामे मेंदूच्या पुढच्या भागात चालतात. बक्षिसाची, चटकेची ओढ खोलवरच्या केंद्रांतून येते. वर्षानुवर्षांच्या पिण्याने या दोन्हींतला तोल बिघडतो. दारूचा वास, ओळखीचा चौक, पगाराचा दिवस यांनी आतली केंद्रे पेटतात आणि आवरणारा भाग कमी पडतो. याला आधार देणारी एक लक्षणीय गोष्ट २००७ साली पुढे आली: मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाला पक्षाघाताने इजा झालेल्या काही धूम्रपान करणाऱ्यांची सिगारेटची ओढच नाहीशी झाली होती. २०२२ मध्ये अशा अनेक रुग्णांच्या मेंदूंतल्या जखमा एकत्र मांडून पाहिल्या तेव्हा त्या एकाच जागी नसल्या तरी एकाच जाळ्यात बसतात असे दिसले. म्हणजे मेंदूत असा एक मार्ग आहे की जो बदलला तर व्यसन सैल पडू शकते. तिथे बाहेरून, इजा न करता पोचता येईल का, हा प्रश्न संशोधकांना पडणे अगदी स्वाभाविक आहे, आणि तो पडायलाच हवा होता.

आता उत्तरे कशी आली ते पाहा. इन्सुलाच्या त्या शोधावरून स्वीडनमध्ये दारूचे व्यसन असलेल्या ५६ जणांवर नेमक्या त्याच भागाला लक्ष्य करून तीन आठवडे उपचार झाले. निष्कर्ष २०२० मध्ये आला. खरा उपचार घेतलेल्यांची तलफ कमी झाली, पिणेही कमी झाले. आणि खोटा उपचार घेतलेल्यांचेही तितकेच झाले. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. पुढे इस्रायल आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी लक्ष्य बदलले. कपाळामागचा मधला भाग आणि त्यालगतचा सिंग्युलेट हा पट्टा निवडून त्यांनी ५१ रुग्णांवर चाचणी केली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. या वेळी फरक दिसला. पुढच्या तीन महिन्यांत खोटा उपचार मिळालेल्यांचे भरपूर पिण्याचे दिवस १०.६ टक्के होते, खरा उपचार मिळालेल्यांचे २.९ टक्के. शंभर दिवसांतल्या अकरा दिवसांच्या जागी तीन दिवस, हे त्या घरातल्या माणसांसाठी लहान अंतर नाही. मला या निकालाने खरोखर आशा वाटते. पण ही ५१ माणसांची चाचणी आहे, आणि 'ही कल्पना काम करू शकते का' एवढेच तपासण्यासाठी ती होती, हे तिच्या कर्त्यांनीच स्पष्ट म्हटले आहे.

कांकेच्या अभ्यासातही मोजली गेली ती मुख्यतः तलफ. तलफ कमी होणे आणि दारू सुटणे यांत मोठी दरी आहे. व्यसनमुक्तीच्या कामात थोडाही काळ घालवलेल्या कुणालाही ती ठाऊक असते. पोळ्याला, लग्नाच्या वरातीत, बापाच्या तेराव्याला माणूस काय करतो हे दहा सिटिंगनंतरच्या प्रश्नावलीत कळत नाही.

खोट्या उपचाराच्या गटावर मी एवढा भर देतो आहे, कारण या विषयात सगळे त्याच्यावर उभे आहे. चुंबकाच्या उपचारांचा इतिहासच याची आठवण करून देतो. फ्रान्समध्ये मेस्मर नावाच्या वैद्याच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ने, म्हणजे अंगातल्या अदृश्य चुंबकशक्तीने आजार बरे करण्याच्या दाव्याने, पॅरिस वेडावले होते, तेव्हा राजा सोळाव्या लुईने १७८४ साली चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए तिच्यावर होते. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने एका झाडात 'चुंबकत्व' भरले आणि डोळे बांधलेल्या मुलाला एकेका झाडापाशी नेले. मुलगा मूर्च्छित होऊन पडला, पण भलत्याच झाडापाशी. आजच्या यंत्राचे मेस्मरशी काही नाते नाही. आजचा ठोका भौतिक आहे, मोजता येतो, अंगठा हलवतो. तरीही ती कसोटी आजही तीच आहे. महागडे यंत्र, पांढरा कोट घातलेला तंत्रज्ञ, रोज अर्धा तास कुणीतरी आपल्याकडे लक्ष देणे, घरच्यांचे रोज सोबत येणे, आणि 'आता मी सोडणारच' असे ठरवून आलेला माणूस: एवढ्यानेच पिणे काही आठवडे कमी होऊ शकते. स्वीडनच्या चाचणीत ते झालेच. म्हणून 'आमच्याकडच्या दहातल्या सात रुग्णांना फरक पडला' असे एखादा दवाखाना सांगतो तेव्हा त्यातून यंत्राविषयी काहीच सिद्ध होत नाही. खोट्या कॉइलखाली बसलेल्या किती जणांना पडला असता, हे कळल्याशिवाय त्या सातांना अर्थ नाही.

याच तंत्राने सिगारेटवर काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. औषधे-उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने हा उपचार २००८ मध्ये नैराश्यासाठी, २०१८ मध्ये मंत्रचळासाठी (ओसीडी) आणि २०२० मध्ये धूम्रपान सोडण्यासाठी मान्य केला. दारूसाठी ती मान्यता अजून मिळालेली नाही. धूम्रपानाची चाचणी १४ ठिकाणी, २६२ लोकांवर झाली. रोज उपचाराआधी रुग्णाला सिगारेट हातात धरायला लावून ओढ जागी करत आणि मग ठोके देत. मुख्य गणितात खरा उपचार मिळालेल्यांपैकी १९.४ टक्के लोक सलग सिगारेटशिवाय राहिले, खोट्या उपचारात ८.७ टक्के. दुपटीहून अधिक फरक, आणि तो खरा आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, मान्यता मिळालेल्या व्यसनातही दर दहांतल्या आठांची सिगारेट सुटली नाही. हे वाक्य जाहिरातीत कधी येत नाही. ते रुग्णाला सांगितलेच पाहिजे.

मान्यता नसलेल्या कारणासाठी एखादा उपचार वापरणे हे वैद्यकात सर्रास होते आणि प्रत्येक वेळी ते चूक नसते. गोळ्या झाल्या, समुपदेशन झाले, दोन-तीनदा केंद्रात राहून झाले आणि तरी माणूस परत पडला, अशा वेळी एखाद्या प्रामाणिक डॉक्टरने 'हा एक प्रयोग आहे, करून पाहू' असे म्हणणे मी समजू शकतो. मला टोचते ती गोष्ट दुसरीच आहे. पहिल्याच भेटीत, बाकी काही न करता, वीस-तीस सिटिंगचे पॅकेज पुढे ठेवले जाते. एका सिटिंगचे दोन हजार धरले तरी वीस सिटिंगचे चाळीस हजार होतात, शिवाय महिनाभर रोजची जाण्यायेण्याची गाडी आणि बुडालेली मजुरी. हे पैसे येतात कुठून? बायकोच्या मंगळसूत्रातून, भावाने काढलेल्या कर्जातून, मुलीच्या फीमधून.

आणि उपचार लागू पडला नाही की दोष यंत्राला जात नाही. 'एवढे चाळीस हजार घातले, मेंदूवर मशीन लावले, तरी हा सुधारला नाही' असे घर म्हणते. त्या माणसाच्या मनातही तेच बसते. नैराश्याच्या रुग्णाला औषध लागू पडले नाही तर डॉक्टर औषध बदलतात. दारू पिणाऱ्याच्या बाबतीत अपयश नेहमी त्याच्या चारित्र्याच्या खात्यावर मांडले जाते. जितका उपचार महाग आणि आधुनिक, तितका हा शिक्का पक्का. त्यानंतर त्याला पुन्हा कुठे न्यायला घरात ना पैसा उरतो ना इच्छा. अपुऱ्या पुराव्याचा उपचार घाईने विकल्याचे सर्वांत मोठे नुकसान मला हे वाटते. पुढचा उपचार, जो कदाचित उपयोगी पडला असता, त्याची दारे त्यामुळे बंद होतात.

तो पुढचा उपचार आहे का? आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आले. त्यानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, ५.७ कोटींचे पिणे घातक किंवा व्यसनाच्या पातळीचे आहे, आणि त्यातले २.९ कोटी पूर्णपणे दारूच्या आहारी गेलेले आहेत. या आहारी गेलेल्यांपैकी अडतिसांत एकाने कुठलातरी उपचार मिळाल्याचे सांगितले. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. आपण यंत्राबद्दल बोलतो तेव्हा त्या अडतिसाव्या माणसाबद्दल बोलत असतो. उरलेले सदतीस दाराबाहेर आहेत, आणि त्यांच्यासाठीचे उपचार शोधायचे नाहीत. ते सापडलेले आहेत.

दारू सोडायला मदत करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट या दोन गोळ्यांचेच पाहा. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घातल्या. त्याच वर्षी दारूच्या औषधांवरील ११८ चाचण्यांचा, म्हणजे जवळपास २१ हजार लोकांच्या अनुभवाचा, एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. अकॅम्प्रोसेटने दर अकरा रुग्णांमागे एक जादा माणूस पुन्हा पिण्यापासून वाचतो, नाल्ट्रेक्सोनने साधारण तितक्यांमागे एक जादा माणूस भरपूर पिण्याकडे परतण्यापासून वाचतो. हा काही चमत्कार नाही. रक्तदाबाच्या गोळीकडूनही आपण चमत्काराची अपेक्षा धरत नाही, तरी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळावी असा आग्रह धरतो. मग दारूच्या गोळ्यांबाबत तो का नाही? आपल्या गावांत दारू सोडवण्याची गोळी म्हणून लोकांना माहीत असते ती एकच, डायसल्फिराम, आणि तीसुद्धा नवऱ्याच्या नकळत आमटीत मिसळायची गोष्ट म्हणून. डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. मृत्यूही येऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या पूर्ण संमतीने ती उपयोगी आहे. चोरून देणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. ज्या बायका हे करतात त्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्यापर्यंत दुसरे काही पोचलेच नाही.

गोव्याचे उदाहरण तर आपल्या अगदी शेजारचे आहे. तिथल्या 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशक कोण होते? मानसशास्त्राची पदवी नसलेली, थोडक्या प्रशिक्षणाने तयार केलेली स्थानिक माणसे. जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तासाच्या. तीन महिन्यांनी आधीच्या चौदा दिवसांत एक थेंबही न घेतलेले पुरुष समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात १८ टक्के. हा फायदा वर्षभरानेही टिकलेला दिसला. एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी: हे पुरुष पूर्णपणे आहारी गेलेले नव्हते, त्याच्या अलीकडच्या पायरीवर होते. पण व्यसन अडवायचे तर तीच पायरी महत्त्वाची. गोव्यापासून सिंधुदुर्ग किती दूर आहे? ज्या पद्धतीने पेडण्याच्या बाजूला माणसे सावरू शकतात, ती सावंतवाडीच्या आरोग्य केंद्रात का नसावी, याचे उत्तर मला कुणी दिलेले नाही.

पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ पासून आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते उभे केले. तिथून आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या मीटिंगमधून बाहेर पडलेली, दहा-दहा, वीस-वीस वर्षे न प्यायलेली माणसे महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात भेटतात. त्यांच्याशी बोलले की एकच धागा सापडतो: कुणीतरी सोडून दिले नाही. फोन करत राहिले, स्लिप झाल्यावरही, म्हणजे पुन्हा प्यायल्यावरही, परत ये म्हणाले. चुंबकाच्या उपचाराला हे सगळे अडचण नाही. उलट त्याला याचाच आधार लागणार आहे. २०२२ च्या चाचणीत दिसलेला फायदा खरा ठरला, तरी तीन महिन्यांनंतर त्या माणसाला धरून ठेवणारे कुणीतरी लागेलच.

यावर एक रास्त प्रश्न येतो. सगळ्यांना गोळ्या आणि समुपदेशन मिळेपर्यंत नव्या संशोधनाला थांबवायचे का? मुळीच नाही. पूर्णपणे आहारी गेलेल्यांसाठी आज जे आहे ते पुरेसे नाही. दर अकरांतला एक वाचतो याचा अर्थ दहांना त्या गोळीचा जादा फायदा होत नाही. त्या दहांपैकी अनेकांच्या घरी मृत्यूची वाट पाहणे चालू असते. त्यांच्यासाठी नवे काही शोधणे हे आपले कर्तव्य आहे, म्हणूनच हे काम सरकारी आणि शैक्षणिक रुग्णालयांत, मोठ्या चाचण्यांच्या स्वरूपात व्हायला हवे. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीला मनोरुग्ण संस्था आहे, मोठ्या शहरांत वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग आहेत. या सगळ्यांनी मिळून एकाच पद्धतीने, खोट्या कॉइलच्या गटासह, काहीशे रुग्णांवर ही चाचणी केली, तर तिचा निकाल साऱ्या जगाला उपयोगी पडेल. कांकेच्या अभ्यासाने तो रस्ता दाखवलेलाच आहे. उपचार मोफत, येण्याजाण्याचा खर्च सरकारचा, आणि पाठपुरावा किमान वर्षभर. तलफेच्या गुणांबरोबर पिण्याचे दिवस मोजावेत, रक्तातली यकृताची तपासणी व्हावी, आणि घरातल्या माणसाला वेगळे विचारावे: मारहाण थांबली का, पगार घरी येतो का. चाचण्यांत स्त्रिया फार कमी असतात. त्या लाजेने दवाखान्यातच येत नाहीत. हातभट्टीची पिणारे तर जवळपास नसतातच. महाराष्ट्रातली चाचणी या दोघांना मुद्दाम सामावून घेणारी हवी.

पैसा कुठून आणायचा हे विचारणाऱ्यांनी राज्याच्या उत्पादन शुल्काकडे पाहावे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे शुल्क वाढवले तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज मांडला गेला होता. ज्या बाटलीवर कर घेतला, तिने आजारी पडलेल्या माणसाच्या उपचारासाठी या जादा रकमेतला शंभरातला एक रुपया मागणे ही काही मोठी मागणी नाही. त्या एका टक्क्यात प्रत्येक जिल्ह्यात गोळ्या आणि समुपदेशक देता येतील, चाचणीही उभी राहील.

दुसरा आक्षेप अगदी उलट दिशेने येतो: 'कसला मेंदू आणि कसला चुंबक, मनात आणले की सुटते.' हे म्हणणाऱ्यांत स्वतः सोडलेली माणसेही असतात, आणि त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण मनात आणणारा अवयव मेंदूच आहे आणि दारू नेमका त्यालाच दुबळा करते. त्या मेंदूला थोडा आधार दिल्याने माणसाची जिद्द हलकी ठरत नाही; पाय मोडलेल्याने कुबडी घेतली म्हणून त्याचे चालणे खोटे ठरत नाही. चुंबकीय उपचारावरच्या संशोधनाने आणखी काही साधले नाही आणि घराघरांत एवढेच पोचवले की हा आजार आहे, तरी ते मोलाचे आहे.

मात्र हा आजार फक्त कवटीत राहत नाही. चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. या बंदीचे फायदे-तोटे हा स्वतंत्र वादाचा विषय आहे, त्यात मी इथे शिरत नाही. पण डिटॉक्स होऊन, वीस सिटिंग घेऊन घरी परतलेल्या माणसाच्या वाटेवर एसटी स्टँडपासून घरापर्यंत तीन परमिट रूम आणि एक गुत्ता असेल, तर कॉइलने शांत केलेले तेच जाळे रोज संध्याकाळी पुन्हा पेटवले जाणार. उपचाराचा खर्च मोजताना हा रस्ताही मोजायला हवा.

शेवटी कायद्याचा एक मुद्दा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था घेतल्या आहेत, आणि शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांनाही विमा द्यावा असे त्याच कायद्यात आहे. तरीही आरोग्य विम्याच्या पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची जी प्रमाणित यादी असते, तिच्यात बाराव्या क्रमांकावर दारू आणि इतर व्यसनांचे उपचार आहेत. म्हणजे कायदा ज्याला आजार म्हणतो, त्याचे बिल कुटुंबाने स्वतः भरायचे. डिटॉक्स, गोळ्या आणि समुपदेशन यांना विम्याचे संरक्षण मिळाले, तर 'पैसे भरायचेच आहेत तर मशीनवरच भरू' हा आज लोकांना करावा लागणारा हिशोब बदलेल.

तोवर जे दवाखाने हा उपचार देत आहेत, त्यांच्यावर राज्याच्या आरोग्य विभागाने निदान एक अट घालावी. रुग्ण आणि त्याच्यासोबत आलेली व्यक्ती या दोघांच्या सहीचा एक संमतीपत्राचा कागद. त्यात लिहिलेले असावे की दारूसाठी हा उपचार अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. आजवरच्या चाचण्या लहान आहेत, एकीत फायदा दिसला आणि दुसरीत नाही. डिटॉक्सआधी तो करू नये. नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट आधी दिले होते का, दिले नसेल तर का नाही. आणि सगळ्या सिटिंगचा मिळून खर्च किती. कागद मराठीत असावा, सही करण्याआधी एक रात्र तो घरी नेता यावा, आणि पैसे पॅकेजने आगाऊ न घेता प्रत्येक सिटिंगनंतर घेतले जावेत, म्हणजे मधेच थांबायचे ठरवले तर थांबता येईल.